हिंदुरावांचं पाणी

ही हकीकत दोन हजार अठरा सालच्या एप्रिलमधली. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते आणि माझे यजमान दीनानाथ एकोणसत्तरचे.

कसबा पेठेतली आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि तीन वर्षांसाठी आम्हाला बाहेर पडावं लागलं. आमचा मुलगा आमोद हिंजवडीला नोकरी करतो, वाकडला राहतो. तो म्हणाला, "बाबा, सरळ आमच्याकडे या. लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, ट्वेंटी-फोर अवर्स पाणी आहे."

दीनानाथ महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "चोवीस तास पाणी येतं तिथे मी राहणं बरं दिसणार नाही. लोक विचारतील, मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात."

खरं म्हणजे त्यांना गावात राहायचं होतं. जन्म पेठेत गेला, समोरच्या घरातली फोडणी आपल्या घरात बसल्या जागी ओळखता येते अशा ठिकाणी, त्यामुळे मोकळ्या जागेची त्यांना फार हौस. मार्केट यार्डात बापूराव नावाचे हमाल होते. वर्षाचा गहू आम्ही तिथूनच भरायचो आणि पोती जिन्याने वर आणून द्यायला बापूराव यायचे. दिवे घाटाच्या पलीकडे त्यांचं गावचं घर रिकामं होतं. ते त्यांनी आम्हाला भाड्याने दिलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

घर म्हणजे दगडी भिंतीच्या तीन खोल्या, वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन. मागच्या अंगाला एक सुटी खोली होती. तिथे बापूरावांची आई मुक्ताई एकटीच राहत होती.

"आईला पुण्याला नेत नाही का?" मी विचारलं होतं.

"येत न्हाई ती," बापूराव म्हणाले आणि पोत्याची दोरी सोडायला लागले.

सामान घेऊन आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आमोद सोडायला आला होता. मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या पारावर येते हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला. गॅसचा सिलिंडर सांगितल्यावर आठवड्याने येणार, औषधाला सासवड गाठायचं, वीज दुपारी जाणार. अंगणात निळ्या पाइपाला पितळी तोटी बसवलेली होती. दीनानाथांनी ती फिरवली. आतून एक कोळी बाहेर आला आणि पाइपावरून चालत गेला.

"प्रेशर कमी दिसतंय," ते म्हणाले.

पाणी दिवसाआड टँकरने यायचं. ते बापूरावांनी आधी सांगितलं होतं, आणि दोन पिंपं घेऊनच आम्ही गेलो होतो.

आता माझी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. पेठेत पहाटे पाच वाजता पाणी यायचं. तोटीतून हवेचा फुसफुस आवाज आला की मी उठायचे आणि पहिलं काम करायचे ते कालचं पाणी ओतून टाकायचं. पिण्याचा हंडा, कळशी, तांब्या, सगळं रिकामं करून, घासून, मग ताजं भरायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हेच पहिलं शिकवलं. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. आमच्या जिन्यातल्या सगळ्या बायका असंच करायच्या. पहाटे मोरीतून पाणी धो धो जात असायचं आणि त्यात काही चुकतंय असं चव्वेचाळीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही.

माजघरात घडवंचीवर एक मोठा पितळी हंडा होता. वर झाकण म्हणून ताटली, ताटलीवर पालथा तांब्या. उचलून बघितलं तर हंडा गळ्यापर्यंत भरलेला. पाणी अगदी स्वच्छ होतं, गारही होतं, हे मला आजही आठवतं. एक काडीसुद्धा तरंगत नव्हती. पण बंद घरातलं पाणी, कोणी कधी भरलेलं कोण जाणे. मी आणि आमोदने मिळून हंडा अंगणात नेला आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतला. जमिनीने ते असं ओढून घेतलं की मला जरा चमत्कारिक वाटलं. मग मी तो चिंच आणि राख लावून घासला आणि ओट्यावर पालथा घातला, उन्हात खडखडीत वाळायला.

आमोद निघून गेला. थोड्या वेळाने एक बाई डोक्यावर कळशी घेऊन फाटकातून आत आली. अंगाने काटकुळी, सत्तरीला टेकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुक्ताई ती हीच, हे मी ओळखलं. हसून म्हटलं, "या, मुक्ताई. आम्ही आत्ताच आलो."

ती ओट्यावरच्या हंड्याकडे बघत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही. डोक्यावरची कळशी तिने हाताने धरलेलीही नव्हती. मग तिने कळशी उतरवली, आमच्या पायरीवर ठेवली आणि मागे आपल्या खोलीत निघून गेली.

मला वाटलं, शेजारधर्म म्हणून पाणी दिलं. दोन दिवस आम्ही ते पाणी प्यायलो. पाणी गोड आहे असंही मी दीनानाथांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगण झाडताना दिसली. कपाळ उघडं होतं.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. भीमराव नावाचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, बोलका माणूस. टँकरभोवती बायकांची गर्दी होती, पण मी पिंप घेऊन गेले तशी मला वाट करून दिली गेली. आदराने नव्हे. माझ्या शेजारी उभं राहायला कोणी तयार नव्हतं. भीमरावने पाइप माझ्या पिंपात सोडला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमी हिंदुरावांचं पाणी वतलं म्हनं."

"कोण हिंदुराव?"

तेव्हा मला कळलं. हिंदुराव म्हणजे मुक्ताईचे यजमान, बापूरावांचे वडील. पाच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात एका दुपारी ते दोन कॅन घेऊन टँकरच्या मागे गेले. त्या दिवशी या वस्तीचा नंबर नव्हता. टँकर पुढच्या वस्तीवर चालला होता, आणि तो टँकर भीमरावच चालवत होता.

"आरशात दिसत व्हते मला," भीमराव म्हणाला. "हात करत व्हते. मी थांबलो न्हाई. थांबलो असतो तर फुडच्या वस्तीनं मला झोडला असता. वळनावर दिसायचे बंद झाले. त्याच्या फुडं कुनालाच दिसले न्हाईत."

कॅन मिळाले, रस्त्याच्या कडेला, नीट उभे ठेवलेले. माणूस मिळाला नाही. पोलीस झाले, विहिरी बघून झाल्या, देवऋषी झाले. त्या घराण्यात अशी रीत होती की गेलेला माणूस सापडला नाही तर त्याच्या नावाने घरात पाणी भरून ठेवायचं आणि ते कधी आटू द्यायचं नाही. पाणी आहे तोवर माणूस आहे. बायकोने कुंकू लावायचं, मुलांनी श्राद्ध करायचं नाही. आणि हंडा रिकामा करून पालथा घातला, की माणूस गेला. तो घरच्याच माणसाने मनाने ठरवून घालायचा असतो.

मुलगा आणि सून पाण्यावाचून पुण्याला गेले, तरी मुक्ताई तेवढ्यासाठी मागे राहिली होती. मैलभरावरच्या विहिरीवरून रोज कळशी आणून तो हंडा ती ताजा करत होती. मी शिळं म्हणून ओतलं ते त्याच पहाटेचं पाणी होतं.

घरी येऊन मी दीनानाथांना सांगितलं. ते उठून घडवंचीपाशी जाऊन आले. मग म्हणाले, "बापूराव मला म्हणाला होता, माजघरातला हंडा तेवढा असू द्या. मी म्हटलं, असू दे. आत पाणी असू द्या असं म्हणाला नव्हता."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"पितळेचा आहे, चोरीला जाऊ नये म्हणून म्हणत असेल असं वाटलं." मग "चूक माझी आहे, सुनीती," म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं.

मी आमच्या वाटणीच्या पाण्यातून हंडा गळ्यापर्यंत भरला, घडवंचीवर ठेवला, ताटली घातली, तांब्या पालथा घातला. कुंकवाचा करंडा घेऊन मुक्ताईकडे गेले. ती दारात शेंगा फोडत बसली होती.

"मुक्ताई, माझ्याकडून चूक झाली. मला काही माहीत नव्हतं. मी हंडा भरलाय. तुम्ही कुंकू लावा."

"बसा," ती म्हणाली. शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "तुमी मुद्दाम केलं न्हाई. पर झालं ते झालं. पुसलेलं परत लावत न्हाईत, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात बापूराव आले. मला वाटलं, भांडायला आले. त्यांनी माझ्या पायाला हात लावला.

"बाई, तुमच्या हातनं झालं ते बरं झालं. आमच्या कुनाच्यानं झालं नसतं. पाच वर्सं म्या आईला म्हनतोय, चल, खोलीच्या दारात नळ हाय. आता येईल ती. बारा वर्सं थांबायचं असतं म्हनत्यात, पर तिनंच कुंकू पुसलंय. भटजी म्हनले, दर्भाचा पुतळा करून देऊ अग्नी. जेष्ठात करून घेतो."

ते गेल्यावर दीनानाथ म्हणाले, "बघ, सगळं सुरळीत झालं." पण त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

हंडा मी भरलेला ठेवला होता. ओतायचा धीर नव्हता आणि ठेवायचा हक्कही नव्हता, तरी ठेवला.

पहिल्यांदा आवाज ऐकला तो एका दुपारी. दीनानाथ औषधं आणायला सासवडला गेले होते. मी ओसरीवर पडले होते. ऊन इतकं की पत्रा तडतड वाजत होता. आतून ताटली सरकल्याचा आवाज आला, मग तांब्या पाण्यात बुडतो तेव्हा जो बुडबुड आवाज येतो तो. मांजर असेल म्हणून मी उठले. माजघरात कोणी नव्हतं. ताटली जागेवर होती. तांब्या पालथाच होता, पण त्याच्या आतून एक थेंब ओघळून ताटलीवर आला. हंड्यातलं पाणी गळ्याच्या खाली, तांब्याभर उतरलं होतं.

संध्याकाळी दीनानाथांना दाखवलं.

"बाष्पीभवन," ते म्हणाले. "एप्रिल आहे."

"झाकण घातलेल्या हंड्यातून?"

"पितळ तापतं." एवढं बोलून ते रेडिओची बॅटरी बदलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. दुपारी पुन्हा तांब्याभर कमी. तिसऱ्या दिवशी तेच. ना जास्त, ना कमी. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. चौथ्या दिवशी मी घडवंचीसमोर पाट घेऊन वाती वळत बसले. पुढचं दार उघडं होतं, अंगणात पांढरं ऊन. तासभर काही झालं नाही. मग हातातल्या वातीचा पीळ सुटला म्हणून मी खाली बघितलं, तेवढाच वेळ. मान वर केली तेव्हा ताटली बाजूला झाली होती आणि हंड्यातलं पाणी हेलकावत होतं. घामाचा आणि तापलेल्या धुळीचा वास आला, लांबून उन्हात चालत आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. सारवलेल्या जमिनीवर दाराकडे जाणारे थेंब होते. माणूस घाईने पाणी पितो आणि हनुवटीवरून सांडतं, तसे. मी उठेपर्यंत ते वाळले.

मी घाबरले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मला फक्त वाटलं, किती तहान लागली असेल.

त्यानंतर मी ओसरीवर न निजता घरातल्याच मागच्या खोलीत निजायला लागले, म्हणजे ज्याला यायचं त्याला संकोच नको. एकदा मला ताप भरला आणि दोन दिवस उठता आलं नाही. तिसऱ्या दिवशी माजघरात गेले तर हंडा काठोकाठ भरलेला. गळ्याच्याही वर, नीट, एका रेषेत, महापालिकेच्या टाकीसारखा. मी दीनानाथांना काही विचारलं नाही.

मुक्ताईला मात्र मी यातलं काही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तिचं उघडं कपाळ दिसायचं आणि तोंडाशी आलेलं मी गिळायचे. सांगितलं तर ती पुन्हा थांबणार. मैलभर चालणार, कळशी आणणार, एक दिवस वाटेतच पडणार. न सांगितलं तर तिने ज्याला पाच वर्षं जिवंत ठेवलं, त्याला ती अग्नी देणार, आणि तो इकडे रोज येतोच आहे.

विधीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. बापूराव आणि त्यांची मुलगी पायल मुक्कामाला आले होते, तिकडे स्वयंपाक चालला होता. मुक्ताई ओसरीवर टेकली. तिने आत, माजघराकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, तुमी हंडा भरता. मला म्हाईत हाय."

"हो."

"एक इचारते. तुमी मास्तरीन हाय, खोटं बोलनार न्हाई. दुपारचं पानी कमी व्हतं का?"

मी पदराला हात पुसले.

"माझ्याकडं व्हायचं," ती म्हणाली. "पाच वर्सं. रोज एक तांब्या. म्या कुनाला बोलले न्हाई. पोरगा म्हनला असता, म्हातारीला याड लागलं. म्हनून तर ऱ्हायले हितं. दारात नळ असून जात न्हाई, ते काय उगं? पर तुमी पालथा घातला, त्या दिवशी वाटलं, आता न्हाई यायचं त्यानी. तुटलं. म्हनून पुसलं. आता उद्या त्यो पुतळा जाळायचा, तर एकदा खात्री करावी म्हनलं. कमी व्हत असंल तर म्या न्हाई जाळू देनार. पोरानं डोकं आपटलं तरी."

मागच्या खोलीतून पायलचा आवाज आला, "आज्जी, तिखट किती घालू गं?" मुक्ताईने ओरडून सांगितलं, "तुझ्या बापाला इचार, त्योच रडतोय खाताना." आणि पुन्हा माझ्याकडे वळून बसली.

तिचे पाय माझ्यासमोर होते. टाचांना भेगा, घोट्याशी सूज. डाव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. मी ते पाय बघत होते.

"नाही, मुक्ताई," मी म्हणाले. "जितकं भरते तितकंच असतं. थेंब कमी होत नाही."

तिने अंगठ्याची चिंधी घट्ट केली. मग "बरं," म्हणाली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कोरड्या कऱ्हेच्या पात्रात दर्भाचा पुतळा जाळला. आम्ही दोघंही गेलो होतो. मुक्ताई रडली नाही. बापूराव लहान पोरासारखे रडले. परत आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी आधी माजघरात गेले. मला वाटलं होतं, आज पाणी जसंच्या तसं असेल. अग्नी दिला, सगळं रीतसर झालं.

तांब्याभर कमी होतं.

चार दिवसांनी मुक्ताई टेम्पोत बसून पुण्याला गेली. निघताना तिने घराकडे वळून बघितलं नाही.

पुढे आम्ही त्या घरात तीन वर्षं राहिलो. लॉकडाऊनमध्ये टँकर चार-चार दिवस यायचा नाही, तेव्हा आम्ही अंघोळी सोडल्या, पण हंडा भरत राहिलो. यावर आम्ही दोघं एकदाही बोललो नाही. एक दिवस फक्त दीनानाथ जेवताना म्हणाले, "तेहतीस वर्षांत मी एवढा नियमित पुरवठा कधी केला नाही."

आता कोणाचं काय झालं ते लिहून थांबते.

दोन हजार एकवीसमध्ये आमची इमारत पुरी झाली आणि आम्ही कसबा पेठेत परतलो. निघायच्या दिवशी मी हंडा काठोकाठ भरला आणि दाराला कुलूप लावलं. आत पंधरा-सोळा तांबे पाणी असेल. सोळाव्या दिवशी मी नव्या घरात जेवायला बसले आणि मला घास गेला नाही. ते घर पुढे बापूरावांनी कोणाला दिलं नाही. पत्रा उडाला असं कळलं. मी परत गेले नाही.

दीनानाथ दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत गेले. झोपेतच.

भीमरावने टँकर सोडला. तो आता सासवडला मुलाच्या चहाच्या गाडीवर बसतो. आमोद वाकडलाच आहे. उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीला टँकर लागतात, आणि तो फोनवर त्याबद्दल तक्रार करतो. बापूरावांची पाठ गेली. त्यांनी हमाली सोडून यार्डातच राखणदारी धरली. पायल नर्स झाली.

मुक्ताई सहा वर्षं मार्केट यार्डामागच्या वस्तीत राहिली. दारात नळ होता, सकाळी दोन तास पाणी. मी तिला तीन-चारदा भेटायला गेले. ती सुनेची, महागाईची, गुडघ्यांची तक्रार करायची, माझ्यासाठी चहा टाकायला लावायची. गावाचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत ती वारली. मी दहाव्याला गेले तेव्हा पायल मला बाजूला घेऊन म्हणाली, "आज्जी शेवटी तुमचं नाव काढत होती. म्हणाली, बाई आल्या तर त्यांना काही विचारू नका. त्यांनी माझं एक काम तीन वर्षं केलं."

मी विचारलं, "कोणतं काम?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते," पायल म्हणाली, आणि मग आज्जीचं बोलणं आठवून तिने विचारलं नाही.